बाळसं नेमकं कुठे असतं? नवजात बाळांच्या चरबीमापनाची पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली एक लांब पल्ल्याचं काम सुरू झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी तिथल्या गर्भार बायकांचा आहार, त्यांचे कष्ट आणि पुढे जन्मलेली बाळं यांची बारकाईने नोंद ठेवू लागले. पुरे दिवस भरून जन्मलेल्या या बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. एवढ्यावर कुणीही म्हणेल की आपली बाळं हडकुळी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कॅलिपरच्या चिमट्यात कातडीची घडी धरून जाडी मोजली तेव्हा वेगळंच दिसलं. वजन, दंडाचा घेर, पोटाचा घेर या सगळ्यांत आपली बाळं खूप मागे होती. फऱ्याखालच्या चरबीत मात्र फारशी मागे नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि भारतीय ‘थिन-फॅट’ बाळाची चर्चा जगभर सुरू झाली.

कॅलिपरला फक्त कातडीखालचं कळतं. मोठ्या माणसांत मधुमेह आणि हृदयविकाराशी ज्या चरबीचा जवळचा संबंध लावला जातो ती असते पोटाच्या आत, आतड्यांभोवती. जिवंत, झोपलेल्या, अडीच-तीन किलोच्या बाळाच्या पोटातली ही चरबी पाहायची कशी? हा प्रश्न पुण्यात पडण्याच्या कितीतरी आधीपासून अनेकांना छळत होता.

सुरुवातीचं ज्ञान आलं ते न जगलेल्या बाळांकडून. ब्रिटिश शास्त्रज्ञ एल्सी विडोसन यांनी १९५० च्या आसपास मृत गर्भ आणि मृतजात बाळांच्या शरीराचं रासायनिक पृथक्करण केलं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात साधारण १६ टक्के चरबी असते, तर डुकराच्या नवजात पिल्लात जेमतेम १ टक्का, हे त्यातून कळलं. माणसाचं बाळ इतकी चरबी घेऊन का जन्मतं, यावर अजून वाद आहेत. पण हे आकडे ज्या घरांतल्या दुःखातून आले, त्यांची आठवण ठेवूनच ते वाचायला हवेत असं मला वाटतं. पुढे अमेरिकेतले सॅम्युअल फोमन यांनी असे विखुरलेले आकडे आणि शरीरातल्या पाण्याची मोजमापं एकत्र करून ‘संदर्भ बाळ’, म्हणजे तुलनेसाठीचा सरासरी बाळाचा नमुना, मांडलं. १९८२ च्या सुधारित मांडणीत जन्मवेळी मुलात साधारण १४ आणि मुलीत १५ टक्के चरबी धरली होती, आणि सहाव्या महिन्यापर्यंत ती २५ टक्क्यांच्या घरात जाते असं दाखवलं होतं. आजीच्या भाषेत बाळ बाळसं धरतं, तो हाच काळ. हे ‘संदर्भ बाळ’ म्हणजे कागदावरचं गणित होतं, आणि त्यात आपली बाळं नव्हती.

प्रतिमेतून चरबी मोजण्याचा पहिला मार्ग साध्या क्ष-किरणांचा. फोटोत हाड पांढरं, स्नायू करडा आणि कातडीखालची चरबी गडद पट्टीसारखी दिसते. ती पट्टी मोजपट्टीने मोजायची. बॉस्टनमध्ये हॅरॉल्ड स्टुअर्ट यांनी १९४० च्या सुमारास मुलांच्या पायांच्या फोटोंवरून हे केलं. ओहायोतल्या फेल्स संस्थेत स्टॅनली गार्न यांनी तीच वाट पुढे नेली, आणि १९५८ मध्ये नवजात बाळांच्या चरबीवर लिहिलं. योगायोग असा की त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अॅलिस स्टुअर्ट यांचा सविस्तर अभ्यास आला. गरोदरपणी पोटाचे क्ष-किरण काढलेल्या आयांच्या मुलांत कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास दुप्पट आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांना प्रखर विरोध झाला, पण अखेर वैद्यकाने ते मान्य केलं. निव्वळ संशोधनासाठी निरोगी बाळावर क्ष-किरण टाकणं त्यानंतर अवघड होत गेलं, आणि ते योग्यच झालं. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आला, मोठ्यांच्या पोटातली चरबी काप-काप करून मोजता येऊ लागली. त्यातल्या किरणांच्या मात्रेमुळे निरोगी बाळांसाठी तो विचाराबाहेरच राहिला.

मग आलं डेक्सा यंत्र. मुळात हाडांची घनता मोजण्यासाठी बनवलेलं. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे अतिशय सौम्य क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, चरबी आणि बाकीच्या ऊती ते वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, आणि त्यावरून हिशोब मांडला जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते नवजात बाळांवर वापरलं जाऊ लागलं. आकडा खरा की खोटा हे तपासायला पुन्हा डुकराची पिल्लंच कामी आली, कारण त्यांचं वजन बाळाएवढंच. आधी स्कॅन, मग रासायनिक पृथक्करण. अगदी लहान पिल्लांत त्या वेळचं यंत्र चरबी फुगवून सांगतं हे लक्षात आलं आणि संगणकप्रणाली सुधाराव्या लागल्या.

डेक्साचं एक उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक असावं. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. डेक्साने मोजलेली चरबी मात्र युडकिनमध्ये ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. वजनकाटा किती लपवतो, हे पटवायला मला याहून चांगला पुरावा सापडलेला नाही.

पण डेक्साची प्रतिमा सपाट. पोटावरची चरबी आणि पोटातली चरबी तिच्यात एकावर एक पडतात. ती वेगळी करायला एमआरआयच हवा होता. त्यात क्ष-किरण नाहीत; चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या केंद्रकांचे संकेत टिपले जातात, आणि योग्य प्रकारे घेतलेल्या प्रतिमेत चरबी लख्ख पांढरी उठून दिसते. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या गटाने १९९८ मध्ये बाळांची चरबी अशी मोजण्याची पद्धत छापली. लंडनमध्ये नीना मोदी, जिमी बेल, लुईस थॉमस यांनी २००२ पासून ही पद्धत घट्ट बसवली. बाळाला गुंगीचं औषध द्यायचं नाही. पोटभर पाजायचं, दुपट्यात गुंडाळायचं, यंत्राचा धडधडाट ऐकू जाऊ नये म्हणून कान झाकायचे, आणि झोपलं की आत सरकवायचं. डोक्यापासून पायापर्यंत आडवे काप घ्यायचे, प्रत्येक कापातली चरबी आखायची, आणि सगळ्यांची बेरीज करून घनफळ काढायचं. हालचाल झाली की प्रतिमा खराब, त्यामुळे यंत्राएवढंच महत्त्व परिचारिकेच्या हाताला.

याच पद्धतीने २००५ मध्ये कळलं की फार अपुऱ्या दिवसांची बाळं मूळ प्रसूतीच्या तारखेला पोहोचतात तेव्हा त्यांच्यात कातडीखालची चरबी कमी आणि पोटाच्या आतली जास्त असते. आणि २००९ मध्ये पुणे आणि लंडन एकत्र आले. पुण्यातली ४० आणि लंडनमधली २९ निरोगी, पूर्ण दिवसांची बाळं जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत स्कॅन झाली. पुण्याची बाळं वजनाने सरासरी अर्ध्या किलोहून जास्त हलकी, उंचीने आणि डोक्याच्या घेरानेही लहान. एकूण मेदऊती, म्हणजे चरबी साठवणाऱ्या ऊती, मात्र जवळपास सारख्याच. फरक होता जागेचा. पुण्याच्या बाळांत पोटाच्या आत आणि पोटाच्या कातडीखाली, दोन्हीकडे त्या जास्त. हातापायांसारख्या इतर भागांत कातडीखाली कमी. गावांत कॅलिपरने घेतलेली शंका आता आत डोकावून पाहणाऱ्या यंत्राने उचलून धरली होती, तीही आयुष्याच्या पहिल्या पंधरवड्यात.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. एमआरआय मोजतो मेदऊतींचं घनफळ, आणि नवजात बाळाच्या मेदऊतीत पाण्याचा वाटा मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून हे आकडे विडोसन यांच्या चरबीच्या टक्क्यांशेजारी सरळ ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट घरातली, आणि जास्त महत्त्वाची. पोटात चरबी आहे म्हणून कमी वजनाच्या बाळाला कमी पाजायचं, असा अर्थ कुणी काढला तर तो घातक ठरेल. या संशोधनाचा रोख बाळाच्या दुधाकडे नसून आईच्या गरोदरपणाकडे आणि त्याही आधीच्या वर्षांकडे आहे.

सहा गावांतली ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा डेक्साने त्यांची चरबी पुन्हा मोजली गेली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात फोलेट हे ब-जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्या मुलांत चरबी आणि इन्सुलिनला होणारा प्रतिरोध जास्त होता; सोबत ब-१२ कमी असेल तर तो प्रतिरोध सर्वांत जास्त. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर, २०१२ पासून, ‘प्रिया’ नावाच्या प्रयोगात याच मुलामुलींना, ती स्वतः आईबाप होण्याच्या आधीच, ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं द्यायला सुरुवात झाली.