जलपर्णी काढण्याची शंभर वर्षे

उन्हाळा जवळ आला की देहू-आळंदीची इंद्रायणी आणि पिंपरी-चिंचवडची पवना जलपर्णीने भरते. मग निविदा निघतात, पोकलेन येतात आणि आषाढी वारीच्या आत घाट मोकळे करायची धांदल उडते. बंगालने ही धांदल शंभर वर्षांपूर्वीच, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉन खोऱ्याकडची. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकात ती जगभरच्या बागांत गेली आणि शतकाच्या अखेरीस बंगालात पोचली. बघता बघता पूर्व बंगालचे ओढे, कालवे, पाणथळी तिने व्यापल्या. नावा अडकल्या, पुराबरोबर ती भातशेतीत घुसली. रेल्वे आणि रस्त्यांच्या भरावांनी पाणी आधीच तुंबवलं होतं, तिचं आयतंच फावलं. १९२१ मध्ये सरकारने थेट जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. १९३७ च्या निवडणुकीत तर जलपर्णी हटवायची आश्वासनं देऊन मतं मागितली गेली! गावोगावी माणसं पाण्यात उतरली, तरी ती पुरती गेली नाही.

कारण रोपाला पाण्यावर आडव्या पसरणाऱ्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकाला नवी रोपं येतात; अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होऊ शकतो. बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं. वर दाट थर जमला की ऊन खाली पोचत नाही. पाण्यातल्या देशी वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात. कमळ-कुमुदिनीला जागा उरत नाही. उघडं पाणी लागणारी बदकं निघून जातात, डासांची मात्र चंगळ होते.

१९८० च्या दशकात तिच्यावर जगणारे भुंगेरे परदेशातून आणून बंगळूरच्या तळ्यांत सोडले. तिथे त्यांनी चांगलं काम केलं. पण त्यांना जम बसवायला काही वर्षं लागतात. आपल्या नद्यांत पावसाळी पूर रोपांसकट भुंगेरेही वाहून नेतो, आणि मागे उरलेल्या चार रोपांना शहराचं सांडपाणी नायट्रोजन-फॉस्फरसचा खुराक पुरवत राहतं. पंचगंगेची गत वेगळी नाही. निविदा निघते ती वरचा पाला उचलण्याची. नाले नदीत येतच राहतात.