सोरायसिसवरील औषधाची पेशी-चाचणी : नमुना देण्यापूर्वी वाचावे

लातूर, नांदेड, परभणीकडून आमच्या वाळूज येथील प्रयोगशाळेत येणारे बहुतेक नमुने मलम किंवा तेल असतात, आणि सोबतच्या पत्रात ‘सोरायसिस बरा होतो असा रिपोर्ट हवा’ अशी मागणी असते. तसा रिपोर्ट या चाचणीतून मिळत नाही.

निरोगी त्वचेच्या तळाशी तयार झालेली केराटिनोसाइट पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो, पेशी पक्व होण्याआधीच वर ढकलल्या जातात आणि त्यांच्या चंदेरी खपल्या साचतात. औषध ही वाढ आवरते का, एवढेच आम्ही पाहतो. त्यासाठी मानवी त्वचेपासून मिळवलेल्या ‘हाकॅट’ पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ३७ अंश सेल्सिअसला वाढवून त्यांना औषधाच्या चढत्या मात्रा देतो. नंतर एमटीटी हे पिवळे द्रव्य घातले की जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवल्यावर रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी अधिक.

घोटाळा होतो तो इथेच. रंग फिका आला म्हणजे पेशींची वाढ मंदावली की पेशी मेल्या, हे एमटीटी सांगत नाही. पुरेसे मोरचूद घातले तरी रंग फिकाच येईल. म्हणून मेलेल्या पेशी ओळखणारी ट्रायपॅन ब्लू आणि नवा डीएनए तयार होतो का हे दाखवणारी बीआरडीयू, या दोन्ही चाचण्या सोबत कराव्यात. खर्च वाढतो, परंतु त्यांच्याविना एमटीटीच्या आकड्यावर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हळदीसारखा रंगीत अर्क असल्यास पेशी नसलेले खळगेही ठेवावे लागतात, कारण अर्काचा स्वतःचा रंग मोजणीत मिसळतो.

मलमातील मेण आणि व्हॅसलीन पेशींच्या पाणीदार पोषकद्रावणात मिसळत नाही. म्हणून त्याच बॅचचा मूळ अर्क, तो कशात काढला याच्या नोंदीसह, वेगळा द्यावा.

प्लेटमध्ये रोगप्रतिकारक पेशी नसतात, आणि सोरायसिसमध्ये त्वचेला वाढीचा रेटा मिळतो तो त्यांच्याकडूनच. त्यामुळे इंटरल्युकिन-१७ हे रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले संदेशवाहक प्रथिन अडवणारी, रुग्णांना गुण देणारी इंजेक्शनेसुद्धा या साध्या चाचणीत निष्प्रभ दिसू शकतात. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा रिपोर्टात असेल. तो आकडा डबीवर छापण्यासाठी नाही.