बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे? तरीही पैसे परत मागता येतात

कापडाच्या दुकानात गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीखाली ती पाटी हमखास असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.’ काही ठिकाणी तीच ओळ बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात, तर काही ठिकाणी निळ्या शाईचा रबरी शिक्का मारतात. बहुतेक गिऱ्हाइकं त्या पाटीलाच कायदा समजतात. मीही समजत होतो. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या मिक्सरचा जार तिसऱ्याच दिवशी तळातून गळू लागला. बिल घेऊन दुकानात गेलो. मालकांनी एक शब्द न बोलता पाटीकडे बोट केलं आणि मी मुकाट्याने जार पिशवीत घालून घरी आलो. कायदा वाचला तो त्यानंतर.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यातल्या कलम 2(47) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचं ते सांगितलंय. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे परत द्यायला नकार देणं हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिली असेल तर तेवढी, आणि बिलावर काहीच लिहिलेलं नसेल तर 30 दिवस. बिल न देणं हीसुद्धा याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे. पाटीबद्दल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 1999 मध्येच राज्यांना कळवलं होतं की बिलावर असं वाक्य छापणं योग्य नाही. पाट्या मात्र जागच्या जागी आहेत.

30 दिवस उलटले म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. ती मुदत दुकानदाराने माल परत घेण्यासंबंधी आहे. सदोष मालाबद्दल ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायपीठात, तक्रार करायला तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं मिळतात. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग त्यानंतरही तक्रार दाखल करून घेऊ शकतो.

आधी हे तपासा : तुमचा हक्क कशावर आहे?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे आणि तो ग्राहकांच्या बाजूने आहे. साडी घरी नेल्यावर रंग आवडला नाही, चपलेचा नंबर आपणच चुकीचा सांगितला, जावेने तेच कुकर कमी किमतीत आणलं, अशा कारणांसाठी पैसे परत मागायचा हक्क आपल्या कायद्यात नाही. दुकानदाराने बदलून दिलं तर तो त्याचा चांगुलपणा, किंवा त्याने स्वतः जाहीर केलेलं धोरण. लंडनला राहणारे नातेवाईक ‘आमच्याकडे 14 दिवसांत काहीही परत करता येतं’ असं सांगतात. ते तिथल्या ऑनलाइन खरेदीपुरतं खरं आहे, इथे तसा नियम नाही. मात्र दुकानाने किंवा ॲपने स्वतःहून ‘7 दिवसांत परत’ असं जाहीर केलं असेल तर तो शब्द त्यांना पाळावा लागतो.

कायदा तुमच्या मागे उभा राहतो तो माल सदोष असल्यावर. ‘दोष’ या शब्दाचा अर्थ कायद्यात बराच मोठा आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांत कमतरता असणं हा तर दोष आहेच, शिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला होता तो खरा न निघणं हाही दोषच. ‘ताई, रंग गेला तर पैसे परत’ असं तोंडी सांगून विकलेली साडी पहिल्याच धुण्यात पाणी लाल करते तेव्हा तोही दोष ठरतो. फक्त तोंडी शब्द सिद्ध करायला जड जातो. म्हणून मी आता दुकानदाराला बिलावरच ‘रंग पक्का’ असं लिहून द्यायला सांगतो. दहातले आठ जण हसतात, पण लिहून देतात.

सेलमधला माल आहे म्हणून हक्क जात नाही. पण दोष आधीच दाखवून, त्यासाठीच किंमत उतरवून दिलेला ‘फॉल्टी पीस’ असेल, तर त्याच दोषावर नंतर भांडता येणार नाही.

एक फसवी पायवाटही लक्षात ठेवा. दुकानदार पैशांऐवजी क्रेडिट नोट पुढे करतो : ‘दुसरं काहीतरी घ्या ना, आपलंच दुकान आहे.’ तुम्हाला चालत असेल तर जरूर घ्या. पण सदोष मालाबाबत कायदा दिलेला मोबदला परत करण्याबद्दल बोलतो. म्हणजे बिलावरची रक्कम, त्यात भरलेल्या जीएसटीसकट. क्रेडिट नोट स्वीकारून सही केलीत की पुढे रोख मागणं अवघड होऊन बसतं.

तक्रार कोण करू शकतो?

पैसे देऊन वस्तू घेणारा कोणीही, मग दुकानातून घेतली असो वा ऑनलाइन. हप्त्यांवर घेतलेली वस्तूही चालते. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहकच मानला जातो. म्हणजे मामाने भाच्याला लग्नात दिलेला फ्रीज बिघडला तर भाचाही तक्रार करू शकतो. मामाचं बिल मात्र मागून घ्यावं लागेल, आणि आहेराचं बिल मागणं हे कायद्यापेक्षा अवघड काम आहे.

पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही. त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू. घरी ब्लाउज शिवून संसार चालवणाऱ्या बाईचं शिलाई मशीन सदोष निघालं, तर समोरचा वकील ‘हे व्यावसायिक कारणासाठी आहे’ असं म्हणतोच. अशा वेळी तक्रारीतच ‘स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतले’ हे वाक्य लिहायला विसरू नका.

ऑनलाइन खरेदी

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 इथे आणखी पुढे जातात. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेता ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. पूर वगैरे हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला तर सूट आहे. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. चॅटवरच्या यंत्राशी तास-तास बोलत बसण्यापेक्षा या अधिकाऱ्याला ईमेल करा, पुढे तोच ईमेल पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढायची सवय लावून घ्या. कायद्यात त्याची सक्ती नाही. पण मोबाइलच्या खोक्यातून साबणाची वडी निघाली हे नंतर पटवून देणं कठीण असतं.

पहिली पायरी : लेखी मागणी

दुकानात जाऊन वाद घालणं ही तक्रार होत नाही. दोष दिसताच वापर थांबवा, वस्तूचे फोटो काढा, आणि बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेऊ नका. त्यानंतर दुकानदाराला आणि शक्यतो उत्पादक कंपनीलाही लेखी पत्र द्या. वकिलाची नोटीस लागतेच असं नाही, साधं पत्र पुरतं :

‘दि. ___ रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. ___ अन्वये रु. ___ देऊन ___ ही वस्तू घेतली. दि. ___ रोजी त्यात पुढील दोष आढळला : ___. वस्तू परत घेऊन संपूर्ण रक्कम हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत परत करावी. तसे न केल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि तेच ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरही टाका. माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच मिटतात. कायद्याचा उल्लेख असलेलं पत्र आलं की पाटीकडे जाणारं बोट खाली येतं.

दुसरी पायरी : 1915

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक. मराठीतही बोलता येतं. ॲपवरून किंवा संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते. नोंदणी क्रमांक मिळतो, हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर तुमच्यापर्यंत पोचवते. मोठ्या कंपन्या आणि ॲपच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो, गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत कमी. हेल्पलाइन हे न्यायालय नाही, ती हुकूम देऊ शकत नाही. आयोगात जाण्याआधी इथे यायलाच हवं अशी अटही नाही.

तिसरी पायरी : जिल्हा ग्राहक आयोग

जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘ग्राहक मंच’ असतं, आता नाव आयोग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे मोजली जाते ती दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. 2019 च्या कायद्याने केलेली सगळ्यात मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध सांगलीत बसून दाद मागा.

रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400, आणि 20 ते 50 लाखांना 1,000 रुपये. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. महाराष्ट्रात जिल्हा आयोगापुढे तक्रार मराठीत लिहिता येते.

कागदपत्रांत पहिलं बिल. ते हरवलं असेल तर कार्ड किंवा यूपीआयच्या व्यवहाराची नोंद, ऑर्डरचा ईमेल, दुकानाच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड. थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत फिकी पडतात, म्हणून घरी आल्याबरोबर त्यांचा फोटो काढून ठेवा. त्याखेरीज वस्तूचे फोटो, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद), जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाठवलेलं पत्र आणि त्याची पोचपावती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा लागतो. मुख्य तक्रार अर्जात घडलेलं सगळं तारीखवार लिहायचं आणि शेवटी काय हवं ते नेमकं मागायचं : किंमत परत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, कारण आयोग मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवरच निकाल देतो. चॅट, ईमेल, व्हिडिओ असा इलेक्ट्रॉनिक पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कुठल्या उपकरणातून कशी घेतली हे सांगणारा सहीचा कागद, जोडलेलं बरं. विरुद्ध पक्ष म्हणून दुकानदार आणि उत्पादक दोघांची नावं घाला, ऑनलाइन असेल तर विक्रेता आणि ॲपची कंपनी दोन्ही. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

अर्ज प्रत्यक्ष आयोगाच्या कार्यालयात देता येतो, किंवा ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर. आधीचं ई-दाखिल पोर्टल आता यातच आलंय. पोर्टलवर खातं उघडून कागदपत्रं पीडीएफमध्ये चढवायची. अडलात तर ग्राहक संघटनांकडे जा. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत 1975 ची. अर्ज लिहायला मदत करणारे कार्यकर्ते आजही भेटतात.

पुढे काय होतं?

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण 21 दिवसांत ठरवायचं असतं. त्यानंतर समोरच्याला नोटीस जाते. उत्तरासाठी त्याला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. तडजोड शक्य दिसली तर दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जातं. दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. वस्तू जशीच्या तशी ठेवा म्हटलं ते याचसाठी.

कायद्यात निकालासाठी नोटीस मिळाल्यापासून 3 महिने, आणि प्रयोगशाळेची तपासणी असेल तर 5 महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि प्रकरण त्याहून बरंच लांबतं, हे मनाशी धरूनच जा. व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी मागता येते, त्यामुळे दर तारखेला रजा टाकावी लागत नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर समोरचा 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो, पण त्याआधी त्याला हुकमातली निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कलम 71 खाली आदेशाची दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम 72 खाली आदेश न पाळणाऱ्याला किमान 1 महिना ते 3 वर्षं कैद, किंवा किमान 25,000 ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. या अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत लागते. पक्षकाराला ती मोफत मिळते, फक्त ती आयोगाच्या कार्यालयातून वेळेत मागून घ्या.