जेट बोट घेताना इंजिनाआधी पंप बघा

‘जेट’ म्हटलं की डोळ्यांसमोर विमान येतं. मग पंख्याऐवजी पंपानं पाणी मागं फेकत चालणाऱ्या मासेमारीच्या छोट्या जेट बोटीबद्दलही दोन समज घट्ट बसतात. एक, नोझलमधून, म्हणजे पंपाच्या मागच्या निमुळत्या तोंडातून सुटणारी धार मागच्या पाण्याला ढकलते आणि त्या रेट्यानं बोट पुढं जाते. दोन, वेग वाढवायचा तर मोठं इंजिन लावायचं. पहिला समज नुसता चुकीचा आहे. दुसरा खिशाला भारी पडतो.

पहिल्याचा निकाल न्यूझीलंडमध्ये १९५४ सालीच लागला. तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत पाण्याखालच्या पंख्याची (प्रोपेलरची) बोट टिकत नव्हती, म्हणून बिल हॅमिल्टन यांनी बोटीच्या पोटात पंप बसवला. सुरुवातीला धार तळाखाली, पाण्यातच सोडली होती. वेग ताशी ११ मैलांच्या पुढं जाईना. नोझल पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणल्यावर बोट ताशी १७ मैलांवर गेली. धार आता हवेत सुटत होती, मागं रेलायला पाणी नव्हतंच. रेटा मिळतो तो पंपाच्या आत पाण्याला वेग देताना. पाणी बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं याच्याशी बोटीला देणंघेणं नसतं. उलट पाण्याखालचा जोड गेला आणि त्याचा अडथळा कमी झाला. १९६० मध्ये अशाच बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनमध्ये प्रवाहाविरुद्ध चढल्या.

आज अमेरिकेत मिसुरी राज्याच्या ओझार्क डोंगरांत, करंट किंवा गॅस्कोनेडसारख्या नद्यांवर स्मॉलमाउथ बास हा मासा पकडणारे जी बोट वापरतात ती त्याच कल्पनेची स्वस्त आवृत्ती. सपाट तळाची अॅल्युमिनियमची बोट, बहुधा १६ फूट लांब आणि तळाशी ४८ इंच रुंद. मागं नेहमीची आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीबाहेर टांगलेलं इंजिन, पण खालचा गिअरबॉक्स आणि पंखा काढून त्या जागी पंप. उभा दांडा थेट इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक फिरवतो, इम्पेलर खालून पाणी ओढतो आणि नोझलमधून मागं फेकतो. तारकर्लीला किंवा गोव्यात वॉटर स्कूटर पाहिली असेल, तर तिच्या पोटातही मूळ तत्त्व हेच आहे.

अशा मोटरीवर ‘६०/४०’ असं लिहिलेलं दिसतं. इंजिन ६० घोड्यांचं, पण जेट लावल्यावर मिळते ती सुमारे ४० घोड्यांची ताकद. उरलेले घोडे जातात कुठं? हे समजलं की बोट कशी निवडायची हेही समजतं.

समजा पंप सेकंदाला ८० किलो पाणी ओढतो आणि २४ मीटर प्रतिसेकंद वेगानं मागं फेकतो. बोटीचा वेग १२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर. रेटा म्हणजे पाण्याचं वस्तुमान गुणिले वाढलेला वेग: ८० × (२४ − १२) = ९६० न्यूटन. बोटीला मिळालेली उपयोगी ताकद ९६० × १२, म्हणजे ११.५ किलोवॉट. पण पाण्याला दिलेली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते: ½ × ८० × (२४² − १२²), म्हणजे १७.३ किलोवॉट. एक तृतीयांश ताकद मागं पाणी उडवण्यात गेली. आता तोच ९६० न्यूटन रेटा मोठ्या पंख्यानं दिला, सेकंदाला २४० किलो पाणी घेऊन त्याचा वेग फक्त ४ नं वाढवला, तर खर्च १३.४ किलोवॉट. भरपूर पाणी हळू ढकलणं हे थोडं पाणी जोरात ढकलण्यापेक्षा नेहमी स्वस्त पडतं. पंपाच्या आतलं घर्षण आणि गळती वेगळीच. उथळ पाण्यातून जाण्यासाठी जेटवाला ही किंमत मोजतो.

सूत्रात मांडायचं तर कार्यक्षमता = २ ÷ (१ + धारेचा वेग ÷ बोटीचा वेग). बोट १२ नं पळत असताना ती ६७ टक्के. बोट जड झाली, पाण्यावर चढलीच नाही (म्हणजे उचलली जाऊन पाण्याच्या वरून सरकू लागली नाही) आणि ६ वर रेंगाळली, तर धार २४ चीच राहते आणि कार्यक्षमता ४० टक्क्यांवर येते. म्हणजे वजन वाढलं की वेग कमी होतो, वेग कमी झाला की उरलेली ताकदही वाया जाते. पंख्याची बोट इतकी शिक्षा करत नाही. म्हणून जेट बोटीत पहिली सुधारणा वजन उतरवण्याची. मासे जिवंत ठेवायची ७५ लिटरची टाकी भरली की ७५ किलो वाढले. ती रिकामी ठेवून पळा, जागेवर पोचल्यावर भरा. ट्रोलिंग मोटरच्या (मासे पकडताना बोट हळू सरकवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरच्या) शिशाच्या दोन बॅटऱ्यांचं वजन ५० किलोच्या आसपास असतं. १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या त्याच्या निम्म्यात बसतात. भिजून जड झालेला प्लायवुडचा डेक आणि पाणी पिऊन बसलेला फोम यांचं वजन तर कुठल्याच कागदावर नसतं. जुनी बोट घेताना ती वजनकाट्यावर चढवा.

तळ रिव्हेटचा नको, वेल्डिंगचा असावा. जाडी ०.१०० इंच तरी हवी. खडकांची नदी असेल तर ०.१२५. बोट ट्रेलरवरच ठेवून आत काही इंच पाणी भरा आणि खालून बघा. गळका सांधा लगेच दिसतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इम्पेलरची पाती आणि भोवतालचं कवच यांच्यातली फट. नव्या पंपात ती सुमारे ०.८ मिलिमीटर असते. पात्याच्या वर दाब जास्त, खाली कमी, म्हणून या फटीतून पाणी सतत परत खाली घसरतं. वाळू-खडी ओढत पातीची टोकं झिजतात, फट दीड मिलिमीटर झाली की इंजिन तितकंच ओरडतं पण बोट चढत नाही, आणि मालक नवीन इंजिन शोधू लागतो. फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पंपाच्या तोंडावरच्या खालच्या जाळीतून, सगळ्या बाजूंनी मोजा. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल तर कवच सरकलंय. सारखीच वाढली असेल तर इलाज जवळजवळ फुकट आहे. कवच निमुळतं असतं आणि इम्पेलरच्या दांड्यावर पातळ चकत्या असतात. खालचं तोंड काढा, नट आणि वॉशर सोडवा, इम्पेलरखालची एक चकती काढून वर घाला, परत बसवून हातानं फिरवून बघा. इम्पेलर निमुळत्या भागात जरा खाली उतरतो आणि फट भरते. घासतोय असं वाटलं तर चकती परत काढू नका, आधी कवच मधोमध आणा.

पात्याची पुढची धार गोट्यांनी बोथट झाली असेल तर कानशीनं खालच्या बाजूनंच घासा, धारेची गोलाई ०.८ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. वरच्या बाजूला कानस लावली की पात्याचा कोन बदलतो. बोथट, खाचा पडलेल्या धारेवर पाण्याचा दाब फार खाली जातो. २५ अंशांना तो ३.२ किलोपास्कलवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिसाव्या भागापर्यंत उतरला की पाणी थंड असतानाच उकळतं. ते बुडबुडे पुढं फुटताना धातू पोखरतात.

दुसरा शत्रू हवा. पंपाच्या तोंडाची पुढची कड तळाच्या रेषेत आणून सुरुवात करा, मग मोटर थोडी थोडी वर घ्या. पंप हवा ओढू लागला की पाव इंच खाली. तोंडासमोर तळावर उभी पट्टी किंवा रिव्हेटांची रांग असेल तर ती बुडबुडे थेट पंपात नेते, म्हणून शेवटच्या मीटरभरात तळ गुळगुळीत हवा. पंख्याच्या बोटीला जेट लावायचं तर मागची फळी सुमारे ७ इंच उंच करावी लागते.

चालवून बघताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर नजर ठेवा. पंपाचा भार बोटीच्या वेगावर जवळपास नसतो, फेऱ्यांच्या घनावर असतो. पूर्ण थ्रॉटलला ५५०० ऐवजी ५००० फेरे मिळाले तर इंजिन चौथाई ताकद कमी देतंय. फेरे जास्त आणि वेग कमी, तर दोष पंपात: हवा, झीज किंवा अडकलेला कचरा.

इंधनाच्या नळीला लावायचे लोहचुंबक आणि ‘१० टक्के जास्त वेग’ देणारी टाकीत घालायची औषधं यांवर पैसे घालवू नका. पेट्रोलच्या ज्वलनावर चुंबकाचा कामाचा असा काही परिणाम होत नाही. तेवढ्या पैशांत ग्रीसगन येईल. दर १० तासांनी दांड्याच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा, जुनं नळीतून बाहेर येईपर्यंत. बाहेर आलेलं दुधाळ दिसू लागलं तर सील गेलंय, बेअरिंग जायच्या आत बदला.

‘चार इंच पाण्यात चालते’ ही जाहिरात पळत्या बोटीपुरती खरी आहे. थांबलेली बोट खोल बसते, आणि उठताना पंप तळची खडी ओढतो. म्हणून सुरुवात दीड-दोन फूट पाण्यातच करा. जाळीत दगड अडकला तर इंजिन बंद करून किल-स्विचची (इंजिन तोडणाऱ्या सुरक्षा बटणाची) दोरी काढल्याशिवाय तिथं हात घालू नका.

आणि थ्रॉटलबद्दल. जेटला सुकाणू नसतं, वळवते ती धारच. समोर खडक दिसल्यावर हात आपोआप थ्रॉटल सोडतो, धार बंद होते आणि बोट सरळ खडकाकडे जाते. थोडा थ्रॉटल ठेवून वळायची सवय रिकाम्या, खोल डोहात आधी लावून घ्या.