पहिला भाग आणि विज्ञानकथा मालिका : एक पार्श्वभूमी

मे महिन्यातल्या एका रात्री नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी एका नव्या विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग लावला होता. कूलरच्या आवाजात संवाद नीट ऐकू येत नव्हते, म्हणून खाली अक्षरे सुरू केली होती. बाविसाव्या मिनिटाला दहावीतला पुतण्या म्हणाला, "काका, अजून काहीच होऊन नाही राहिलं," आणि त्याने रिमोट उचलला. खरे सांगायचे तर माझेही मत त्याच्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. तरीही मी त्याला थांबवले, कारण या प्रकारच्या मालिकांचा गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर पहिल्या भागावरून झालेले मत जितक्या वेळा चुकले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही प्रकारात क्वचितच चुकले असेल.

याचे कारण या कथाप्रकाराच्या घडणीतच आहे. कौटुंबिक मालिकेत वाडा दिसला, देवघर दिसले, थोरल्या जाऊबाईंचा आवाज चढला, की त्या घरात काय चालते आणि काय चालत नाही हे प्रेक्षकाला न सांगता कळते. विज्ञानकथेत मात्र हे कोणते साल आहे, राज्य कोणाचे आहे, बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही, यंत्राला मन आहे की नाही, इथपासून सगळे नव्याने मांडावे लागते. हे सांगता सांगता माणसेही उभी करायची असतात आणि गोष्टही पुढे सरकवायची असते. पन्नास मिनिटांत ही तिन्ही कामे साधणे फार अवघड आहे, आणि तिन्हींपैकी एखादे मागे पडले की प्रेक्षकाला भाग 'संथ' वाटतो.

ब्रिटनमधल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचा पहिला भाग आधी एकदा चित्रित झाला होता. तो समाधानकारक न वाटल्याने बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी तो पुन्हा चित्रित करायला लावला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी तो प्रसारित झाला, पण आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि लोकांचे चित्त दुसरीकडे होते. त्यात काही भागांत वीजही गेली होती. उन्हाळ्यातली वीजकपात अनुभवलेल्या नागपूरकराला नेमक्या वेळी गेलेली वीज म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. तरीही मालिकेने खरी पकड घेतली ती डिसेंबरच्या अखेरीस, दुसऱ्या कथेत 'डॅलेक' नावाचे यंत्रदेही शत्रू अवतरल्यावर. अशा प्रकारचे राक्षस मालिकेत नकोत, अशी खुद्द न्यूमन यांची भूमिका होती.

अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'ची कहाणी याहून बोलकी आहे. तिचा पहिला नमुना भाग, म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी वाहिनीला आधी दाखवला जाणारा भाग, एनबीसी वाहिनीने तो फारच बौद्धिक आहे असे म्हणत नाकारला. त्यानंतर वाहिनीने दुसरा नमुना भाग करायला सांगितला, जी त्या काळी क्वचित मिळणारी संधी होती, आणि तो मंजूर केला. प्रत्यक्ष प्रसारण ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाले, तेव्हा पहिला म्हणून दाखवलेला भाग ना नाकारलेला होता, ना मंजूर झालेला. माणसाच्या अंगातले मीठ शोषून घेणाऱ्या प्राण्याची एक वेगळीच गोष्ट त्या दिवशी लोकांनी पाहिली आणि मंजूर नमुना भाग तिसऱ्या क्रमांकावर गेला. म्हणजे ज्या भागाच्या बळावर मालिका विकत घेतली गेली, तो प्रेक्षकांची पहिली ओळख ठरलाच नाही. नाकारलेल्या भागातली दृश्ये पुढे एका दोन भागांच्या कथेत गुंफून वापरली गेली. प्रेक्षकसंख्या बेताचीच राहिली, १९६८ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडल्यावर आणखी एक हंगाम मिळाला आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये मालिका थांबली. तिला खरी लोकप्रियता लाभली ती सत्तरच्या दशकात, स्थानिक केंद्रांवरून पुन:प्रसारण सुरू झाल्यावर. त्या काळात रोज संध्याकाळी ती पाहणाऱ्याला कोणता भाग पहिला, हे ठाऊकही नसे आणि त्याचे काही अडतही नसे.

सगळ्याच मालिकांचे नशीब असे पालटले नाही. २००२ मधल्या 'फायरफ्लाय' मालिकेचा दोन तासांचा प्रारंभिक भाग फॉक्स वाहिनीने बाजूला ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच भागाने सुरुवात केली. पात्रे कोण, ती एकत्र कशी आली, युद्ध कोणते झाले, हे सांगणारा तो मूळ भाग डिसेंबरमध्ये सर्वांत शेवटी दाखवला गेला, तेव्हा मालिका बंद करण्याचा निर्णय झालेला होता. तयार १४ भागांपैकी ११ च त्या वेळी दिसले. मला हा निव्वळ अन्याय वाटतो.

आपल्याकडे, म्हणजे नागपूरसारख्या शहरात, हा कथाप्रकार पोहोचला तो ऐंशीच्या दशकात दूरदर्शनमुळे. 'स्टार ट्रेक' रविवारी सकाळी लागत असे. लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा कृष्णधवल टीव्ही, शेजारपाजारची मुले सतरंजीवर आणि एक जण गच्चीवर अँटेना फिरवत "आलं का?" असे ओरडणारा, हे दृश्य महाल-इतवारीपासून सदरपर्यंत ओळखीचे होते. पण त्या वेळचा एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यायला हवा. आपण पाहत होतो ती मालिका जवळजवळ वीस वर्षांची जुनी आणि जगाने आधीच स्वीकारलेली होती. शिवाय वाहिनी एकच होती, त्यामुळे पहिला भाग कळला नाही तरी पुढच्या रविवारी तोच टीव्ही, तीच वेळ आणि तीच मालिका. न समजलेल्या गोष्टीला दुसरी संधी आपोआप मिळत असे.

त्याच वळणाने हिंदी मालिकाही आल्या. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली 'स्पेस सिटी सिग्मा' तिच्या कॅप्टन तारा आणि झखाकू या पात्रांसह आजही चाळिशी ओलांडलेल्यांच्या बोलण्यात येते. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली, जिच्यात मुलांनी जुळवलेला संगणक त्यांना भूतकाळात नेतो. शहरात गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण सुरू झाले, त्याच सुमारास म्हणजे १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली आणि मिलिंद सोमण बाविसाव्या शतकातला अंतराळवीर झाला. तिचे तांत्रिक दोष कोणालाही दिसतील, पण मुलांनी ती मनापासून पाहिली.

मराठीत मात्र विज्ञानकथा छापील पानावर रुजली आणि पडद्यावर तिला फारशी जागा मिळाली नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने आली होती. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवून ते नाव घेतले होते आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. परीक्षकांचे पहिले मत कथेबद्दल व्हावे, खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीबद्दल नव्हे, एवढी काळजी त्यांनी घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पहिल्या मताचे मोल इतक्या नेमकेपणाने ओळखल्याची दुसरी घटना मला या क्षेत्रात आठवत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले आणि त्यानंतर जग पाहते त्याच दिवशी नागपूरही पाहू लागले. आता आपल्यापुढे येणारी मालिका काळाने पारखलेली नसते आणि मोबाइलवर दुसरे काही लावायला एक स्पर्श पुरतो. निर्मात्यांनाही ही अडचण जाणवत असावी, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये 'फाउंडेशन' ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली ती दोन भागांनी आणि पुढच्या वर्षी 'अँडोर' या मालिकेचे पहिले तीन भाग एकाच दिवशी आले. 'अँडोर'ची सुरुवात ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिसऱ्या भागाशिवाय पहिल्या दोन भागांचा अर्थ लागत नाही हे पटेल.

हे सगळे त्या रात्री मी पुतण्याला सांगितले नाही. आणखी दोन भाग पाहू, मग तू म्हणशील तसे, एवढेच म्हणालो. दुसरा भाग त्याने अर्धा मोबाइलकडे पाहत काढला. तिसऱ्या भागात यानातली वयस्कर तंत्रज्ञ बाई, पहिल्या भागात उगीचच लांबलेले वाटलेले हवेच्या टाक्यांचे गणित पुन्हा मांडू लागली आणि हवा सगळ्यांना पुरणार नाही हे तिच्या हळू आवाजातून उलगडू लागले, तेव्हा त्याने काही न बोलता उठून, बाहेर रात्रीही झळा असताना, कूलर बंद केला.