ठोकळ्यांचा सातबारा

नव्वदच्या दशकात कुणकेश्वरच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानात तळहाताएवढा ‘ब्रिक गेम’ टांगलेला असायचा. राखाडी पडदा, मागे पेन्सिल सेल, खोक्यावर ‘9999 इन 1’. वरून ठोकळे पडायचे, ओळ भरली की नाहीशी व्हायची. माझ्या खोक्यावर तो कोणी बनवला याचा पत्ता नव्हता, आणि ‘टेट्रिस’ हा खेळाच्या खऱ्या नावाचा शब्द तर कुठेच नव्हता. तो शब्द कोणी छापायचा, यावरून तोवर मॉस्को, लंडन, टोकियो आणि कॅलिफोर्निया एकमेकांना भिडून झाले होते.

हा वाद कोकणात कुणालाही पटकन कळेल. सामाईक सातबारा असतो. एक भाऊबंद बाकीच्यांच्या सह्यांशिवायच तुकडा विकतो, घेणारा तो पुढे तिसऱ्याला देतो, आणि कोणी परका गडगा घालायला आला की गावच्या घरात पत्ता लागतो. टेट्रिसचं हेच झालं.

अलेक्सी पाजितनोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात हा खेळ लिहिला. हक्क त्यांनी सरकारकडे सोपवले, आणि सोव्हिएत सॉफ्टवेअर परदेशी विकण्याचं काम एलोर्ग या सरकारी संस्थेचं. लंडनच्या रॉबर्ट स्टाइन यांनी खेळ हंगेरीत पाहिला, मॉस्कोशी टेलेक्सवर बोलणी सुरू केली आणि करारावर सही होण्याआधीच तो मिररसॉफ्ट व स्पेक्ट्रम होलोबाइट या कंपन्यांना देऊन टाकला. मिररसॉफ्टने पुढे अटारी गेम्सला दिला, तिथून आणखी वाटे पडले. साठेखत नाही, फेरफार नाही, नुसती विक्रीवर विक्री.

फेब्रुवारी 1989 मध्ये हेंक रॉजर्स मॉस्कोत पोचले. जपानमध्ये टेट्रिस विकणारे हे गृहस्थ निंटेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉयसाठी हातातल्या यंत्राचे हक्क मागायला आले होते. विकत घेतलेल्या परवान्यावर काढलेली आपली कार्ट्रिज, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रात बसवायची डबी, त्यांनी एलोर्गचे निकोलाय बेलिकोव यांच्यापुढे ठेवली. बेलिकोव चक्रावले. टीव्हीला जोडायच्या यंत्राचे हक्क त्यांनी कुणालाच दिले नव्हते! त्याच आठवड्यात स्टाइनही मॉस्कोत होते. बेलिकोवनी त्यांच्या करारात ‘संगणक’ म्हणजे काय ते लिहून घेतलं: प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम असलेलं यंत्र. स्टाइनचं लक्ष पैसे उशिरा भरल्याच्या दंडावर होतं. त्यांनी सही केली. कीबोर्ड आणि डिस्क ड्राइव्ह नसलेली यंत्रं त्या एका ओळीने त्यांच्या हद्दीबाहेर गेली. एवढं मोठं काम केलेली व्याख्या मला दुसरी आठवत नाही.

निंटेंडो कागदाच्या बाबतीत पोळून शहाणी झालेली होती. 1982 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने निंटेंडोचा ‘डाँकी काँग’ हा खेळ म्हणजे आमच्या किंग काँगची नक्कल, असा दावा लावला होता. पण किंग काँगची कथा सर्वांना खुली आहे, हे काही वर्षांपूर्वी कोर्टात खुद्द युनिव्हर्सलनेच मांडलेलं निघालं, आणि दावा पडला. मार्च 1989 मध्ये निंटेंडोने एलोर्गशी थेट करार केला. अटारीच्या टेंगेन शाखेने मे महिन्यात आपलं टेट्रिस तरीही बाजारात आणलं. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी मनाई दिली आणि ते दुकानांतून उतरवावं लागलं.

या सगळ्यात खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला त्याच्या पदरात काही पडलं नाही, हे मला आजही सलतं. पाजितनोव यांच्याकडे हक्क परतले आणि 1996 मध्ये त्यांनी रॉजर्स यांच्याबरोबर टेट्रिस कंपनी काढली, तेव्हा कुठे त्यांना मानधन मिळू लागलं.

नाव न घेता ठोकळे उचलणाऱ्यांचं काय, याचं उत्तर 2012 मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने ‘मिनो’ नावाच्या मोबाइल गेमच्या खटल्यात दिलं. ओळ भरली की ती जाते, हा नियम कुणाच्या मालकीचा नाही. पण तुकड्यांचे तेच आकार, उंचीला 20 आणि रुंदीला 10 घरांचा तोच चौकोन, ही रूपाची उचल झाली आणि ती चालणार नाही. जत्रेतल्या माझ्या ब्रिक गेमचा पडदाही 20 बाय 10 चाच होता.