पिस्तुलावरील लेझर साइट व वेपन लाइट

पिस्तुलाच्या नळीखालच्या रेलवर (साधने अडकवायच्या खाचांच्या पट्टीवर) किंवा मुठीवर बसवायची दोन साधने. वेपन लाइट ही छोटी विजेरी असून तिच्या उजेडात समोर कोण आहे ते कळते. लेझर साइट गोळी जिथे लागावी तिथे ठिपका टाकते. दोन्ही अनेकदा एकाच डबीत येतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे काम भागते असा समज दिसतो. तो बरोबर नाही : ठिपका अंधारातही दिसतो, पण कोणावर पडला आहे ते सांगत नाही.

पिस्तुलाला विजेरी जोडण्याची पेटंटे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतील आहेत; मात्र गोळीच्या दणक्याने बल्बची तार तुटण्याची अडचण एलईडी येईपर्यंत पुरती सुटली नाही. लेझर साइट प्रथम कोणी केली याबद्दल मतभेद आहेत. थिओडोर मेमन यांचा १६ मे १९६० रोजीचा माणकाचा पहिला लेझर स्पंदांनी, म्हणजे तुटक झोतांनी, चाले, म्हणून नेमासाठी तो निरुपयोगी. सलग तांबडा झोत देणारा हेलियम-निऑन लेझर (तरंगलांबी, म्हणजे रंग ठरवणारे माप, ६३२.८ नॅनोमीटर) १९६२ मध्ये साधला आणि १९७० च्या दशकात अमेरिकन-१८० या सबमशीनगनवर बसवला गेला. काही जण तिलाच आद्य मानतात. पिस्तुलापुरते पाहिल्यास कॅलिफोर्नियातील लेझर प्रॉडक्ट्स (पुढे शुअरफायर) या कंपनीला श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८४ च्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटातील पिस्तुलावरचा लांबलचक लेझर तिचाच. तो पेटायला सुमारे १०,००० व्होल्ट लागत आणि वीजपुरवठा नटाच्या जाकिटात लपवलेला होता. दिवा, दृश्य लेझर व अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) लेझर एकत्र आणण्याचे ठळक उदाहरण म्हणजे हेक्लर उंड कोख या जर्मन कंपनीचे मार्क २३ पिस्तूल. अमेरिकी विशेष दलांना ते १९९६ पासून मिळाले.

लेझरच्या निवडीत रंगाचा वाद मोठा आहे. उजेडात डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनक्षम असतो. त्यामुळे सारख्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६३५ च्या तांबड्यापेक्षा साधारण चौपट आणि ६५० च्या तांबड्यापेक्षा आठपट तेजस्वी भासतो. जाहिरातीत मात्र नुसते ‘तांबडा’ लिहिलेले असते, आणि ६३५ व ६५० मधला हा दुपटीचा फरक झाकून जातो. हिरव्यातही दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीत ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने स्फटिक चेतवून १०६४ व त्यातून ५३२ मिळवतात. थंडीत हा ठिपका मंदावतो. सुमारे ५२० नॅनोमीटरचा थेट डायोड अलीकडचा, आणि पिस्तुलासाठी तोच बरा.

लेझर नळीच्या खाली असल्याने अंतराचा हिशेब टाळता येत नाही. तो ४ सेंमी. खाली बसवून १० मीटरवर जुळवला, तर ५ मीटरवर ठिपका गोळीच्या २ सेंमी. खाली आणि २० मीटरवर जवळजवळ ४ सेंमी. वर दिसेल.

दिव्याबाबत ल्यूमेनचा आकडा एकूण उजेड सांगतो, कॅंडेलाचा झोताची धार. १०,००० कॅंडेलाच्या दिव्याचा पल्ला मोजणीच्या ठरलेल्या मानकानुसार २०० मीटर ठरतो. पण ती मर्यादा ०.२५ लक्सची (लक्स हे पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचे एकक), म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतकी. चेहरा ओळखायचा तर बराच अलीकडचा पल्ला धरावा लागतो. घरात उलट अडचण : पांढऱ्या भिंतीवरून परतलेल्या झोताने स्वतःचेच डोळे दिपतात.

चालू करण्याची कळ दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली असावी. चापाच्या कड्याखालच्या दाबकळीमुळे नकळत गोळी सुटल्याच्या घटना अमेरिकी पोलिसांत घडल्या आहेत. शिवाय हा दिवा जिकडे वळतो तिकडे नळीचे तोंडही वळते, तेव्हा पडलेली किल्ली शोधायला खिशात वेगळी विजेरी हवीच.

सर्व पिस्तुलांची रेल एकसारखी नसते. रेलच्या मापाचे १९९५ चे अमेरिकी लष्करी प्रमाण सगळ्यांनी पाळलेले नाही. भारतात खाजगी पिस्तूल शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवान्यावरच बाळगता येते, आणि आयुध निर्माणीच्या जुन्या ०.३२ पिस्तुलांना रेल नाही. दिवा लावलेले पिस्तूल साध्या होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात) सहसा बसत नाही. होल्स्टर त्या दिव्याच्याच मापाचे लागते.